थोरलीची बाजू

गेल्या आषाढात माझ्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सहा आठवडे घरात बसावयास सांगितले. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकविणाऱ्या बाईला 'बसा' म्हणणे सोपे, पण तिने बसून करावयाचे काय? वाचन डोळ्यांना झेपेना. मराठी मालिका सूनबाई लावी, पण त्यांतल्या सासवा पाहून आम्ही दोघी एकमेकींकडे चोरून पाहू लागलो, तेव्हा ते बंद केले. शेवटी नातीने आपला टॅब माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "आजी, ही चिनी मालिका बघ. तुझ्या आवडीची आहे, सगळे राजेमहाराजे!"

चिनी म्हटल्यावर कपाळाला आठी पडली, हे कबूल करते. १९६२ साली मी अकरा वर्षांची होते. जवानांसाठी मोजे विणणाऱ्या बायकांत माझी आई होती. त्या पिढीच्या मनातली अढी टॅबच्या काचेने जात नाही. पण पहिला भाग संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि दुसरा भाग लावावयाचा कसा ते मी नातीला उठवून विचारले.

ती मालिका 'यान्शी महालाची कथा', २०१८ सालची, सत्तर भागांची. सम्राट छ्यानलुंग याच्या अंतःपुरात १७४१ साली भरतकाम करणारी दासी म्हणून एक मुलगी येते. वेइ यिंगलुओ तिचे नाव. थोरली बहीण याच महालात गेली आणि तिचे प्रेत परत आले. कुणी मारले, ते हिला शोधावयाचे आहे. मुलगी हुशार, जिभेने तिखट आणि एका गोष्टीत आपल्या कथांतल्या सोशिक नायिकांहून अगदी निराळी: तिला कुणी एक चपराक दिली तर ती दोन देते, आणि तीही पुढच्या भागापर्यंत वाट न पाहता. याचे सुख काय वर्णावे! आयुष्यभर गिळलेली उत्तरे दुसरे कुणी आपल्या वतीने देत आहे, असे वाटते. त्या वर्षी चीनमध्ये ही मालिका अब्जावधी वेळा पाहिली गेली, त्याचे रहस्य मला इथेच दिसते.

डोळ्यांनाही मेजवानी आहे. पण ती भडक नाही, हे विशेष. राखी, मोरचुदी, वाळलेल्या पानाचा पिवळा अशा दबलेल्या रंगांत सारा महाल रंगविला आहे. मांचू स्त्रिया एकेका कानात तीन तीन कर्णभूषणे घालीत, ती नीट दाखविली आहेत. सम्राज्ञी फुचा हिच्याविषयी इतिहास सांगतो की ती रत्नांऐवजी साध्या फुलांनी केस सजवी. म्हणून मालिकेतही तिच्या डोक्यावर रेशमी धाग्यांची मऊ फुले आहेत. ती करण्याची कला नानकिंगमध्ये अजून जिवंत आहे. छिन लान या नटीने ही सम्राज्ञी उभी केली आहे आणि सत्तर भागांत मला सर्वांत जास्त आवडले असेल ते हिचे काम. दासीला ती हाताला धरून अक्षर गिरवावयास शिकविते तो प्रसंग पाहावा. दुसराही मुलगा गेल्यावर मालिकेतली सम्राज्ञी वेशीच्या बुरुजावरून उडी घेते. खरी फुचा १७४८ साली प्रवासात आजारी पडून वारली. इतिहासाच्या बाईला हे खटकावयास हवे होते. खटकले नाही. रडू आले.

या कथेतली खलनायिका म्हणजे नारा घराण्यातली राणी. आरंभी ती सालस असते. मग घरच्यांचे मृत्यू पाहते आणि हळूहळू विषारी होत जाते. फुचामागून तीच सम्राज्ञी होते, आणि तिची कारस्थाने उघडी पडतात तेव्हा आपण टाळ्या वाजवितो. शार्मेन शेह हिने तिचा शांत, गोड, गारठविणारा चेहरा असा वठविला आहे की मी एकदा टॅब उलटा ठेवला होता.

मालिका संपली आणि नातीने लगेच दुसरी लावून दिली. 'राणी रूयी' असे मी तिला म्हणते, मूळ नाव लांबलचक आहे. तीही २०१८ सालची, पहिलीनंतर सुमारे एका महिन्याने आलेली, सत्त्याऐंशी भागांची. तोच सम्राट, तोच महाल, त्याच राण्या. आणि चार-पाच भागांत माझ्या ध्यानात आले की इथे सगळे उलटे आहे. इथली नायिका रूयी म्हणजे तीच नारा घराण्यातली राणी! आणि पहिल्या मालिकेतली आमची लाडकी दासी इथे वेइ यानवान या नावाने अवतरते. ती आपल्यावर जीव टाकणाऱ्या शिपायाला टाकून सम्राटाच्या शेजेवर चढते आणि पुढे एकाहून एक काळी कृत्ये करते. देवीसारखी वाटलेली सम्राज्ञी फुचासुद्धा इथे सवतींना सुंदर कंकणे भेट देते. आत काय, तर गर्भ राहू नये म्हणून भरलेली वनस्पती!

महाभारत आपण कर्णाच्या बाजूने वाचू शकतो, हे शिवाजी सावंतांनी १९६७ सालीच दाखवून दिले. पण व्यासांचे आणि सावंतांचे महाभारत लागोपाठच्या दोन महिन्यांत, त्याच पोशाखांत, त्याच पायऱ्यांवर कुणी उभे केले नव्हते. मला चक्क चक्कर आली. ज्या बाईच्या पराभवावर मी पंधरा दिवसांपूर्वी टाळ्या वाजविल्या, तिच्यासाठी आता मी पदर डोळ्यांना लावीत होते.

मग अर्थातच पुस्तके काढली. सवय जात नाही. खरा इतिहास असा आहे: नारा घराण्यातली ही बाई १७५० साली सम्राज्ञी झाली. १७६५ साली सम्राटाबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना, हांगचौ मुक्कामी, तिने आपले केस कापले. इकडे पुण्यात तेव्हा थोरले माधवराव गादीवर होते. मांचू रीतीप्रमाणे बाईने केस कापावयाचे ते कुणी अगदी जवळचे वडीलधारे गेल्याच्या दुःखात. नवरा आणि सासू हयात असता ते करणे म्हणजे त्यांचे मरण चिंतणे. तिला तडक राजधानीस परत पाठविले. पुढच्या वर्षी ती वारली. सम्राज्ञी म्हणून तिचा अंत्यविधी झाला नाही, स्वतःचे थडगे मिळाले नाही. दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात तिला ठेवले. तिने केस का कापले, याचे उत्तर राजदप्तरात नाही. तिचा मुलगाही पुढे ऐन तारुण्यात गेला. उलट त्या दुसरीचा, खऱ्या नावाने वेइजिया राणीचा, मुलगा पुढे सम्राट झाला आणि आईला मरणोत्तर सम्राज्ञीपद मिळाले. 'रूयी' हे नावसुद्धा कादंबरीकर्तीने दिलेले आहे. त्या बाईचे पाळण्यातले नाव इतिहासाने लिहून ठेवलेलेच नाही.

आता कलाकृती म्हणून तुलना करावयाची तर पहिले काही भाग तरी रूयीची गाडी रेटावी लागते. चौ शुन ही नटी मोठी, पण चाळिशी ओलांडलेल्या बाईने षोडशवर्षीय कुमारी व्हावे आणि त्या घोगऱ्या आवाजात लाजावे, हे आपल्या जुन्या संगीत नाटकवाल्यांनाही जड गेले असते. कथा रेंगाळते. चहा किती प्यावा त्यालाही मर्यादा आहे. पण तिसाव्या भागापलीकडे ज्या गोष्टीने मला धरून ठेवले ती यान्शीमध्ये नावालाही नाही. ती गोष्ट म्हणजे एका लग्नाचे हळूहळू मरणे. लहानपणी नाटकातले एक प्रेमगीत दोघांनी मिळून ऐकलेले असते. पुढे त्यातला एक राज्यकर्ता होतो, आणि राज्यकर्त्याला संशय घेण्याची सवय लागते. तो वाईट नाही. तो फक्त प्रत्येक वेळी स्वतःला सोयीचे तेच खरे मानतो. भांडण होत नाही. एके दिवशी तो विचारावयाचे सोडून देतो, आणि मग ती सांगावयाचे सोडून देते.

आणि इथेच माझे मत पक्के झाले. यान्शीत सगळे विष बायकांच्या हातून बायकांना जाते. सम्राट मधे बसलेला, थोडासा रागीट, बराचसा गमत्या, शेवटी नायिकेचा प्रेमळ धनी. चाळीस बायका एका माणसाच्या तोंडाकडे पाहत बसाव्यात अशी व्यवस्था ज्याच्यासाठी आहे, त्याच्यावर एक शिंतोडा नाही. रूयीमध्ये मात्र कॅमेरा फिरून फिरून त्याच्यावर येतो. यानवान कितीही दुष्ट असो, तिच्या हातात सुरी देणारा कोण, हे कळते. २०१९ च्या जानेवारीत बीजिंगच्या पक्षीय दैनिकाने या अंतःपुरी मालिकांवर टीकेची झोड उठविली की त्या ऐषारामाचे आणि कटकारस्थानांचे वेड लावतात, आणि त्यानंतर दूरचित्रवाणीवरून त्या मागे पडल्या. आमचे वडीलही नाटकांविषयी हेच म्हणत. पण दोन्ही मालिकांना एकाच काठीने हाकणारा टीकाकार त्या नीट पाहिलेला नसावा.

याच जातीची जुनी आणि नावाजलेली मालिका म्हणजे २०११ ची, राणी जन ह्वानची. तिच्या शहात्तर भागांतून परदेशी प्रेक्षकांसाठी दीड-दीड तासाचे सहा चित्रपट काढले होते. पुरणपोळीतले पुरण काढून पोळी वाढण्याचा हा प्रकार. पाहावयाची तर मूळच पाहावी. 'मिंगलान'ही पाहिली. ती सुंग काळातल्या एका अधिकाऱ्याच्या घरातली, राजवाड्याबाहेरची कथा. उपस्त्रीची मुलगी. हिवाळ्यात तिच्या गरोदर आईच्या वाट्याचा कोळसा अडविला जातो आणि अडलेल्या वेळी सुईण येऊ दिली जात नाही. मुलगी आजीच्या पंखाखाली, आपली अक्कल झाकून, मोठी होते. आमच्या सूनबाईला ही सर्वांत आवडली. का, ते मी विचारले नाही.

दिवाळीचा अंक म्हणून एका दिव्यांच्या मालिकेचा उल्लेख करावयास हवा. 'छांगआनचा सर्वांत मोठा दिवस', २०१९. इ. स. ७४४, वर्षातली पहिली पौर्णिमा, दीपोत्सव. एरवी रात्री नगाऱ्याबरोबर वेशी बंद होणाऱ्या या नगरीत सणापुरती रात्र मोकळी असते. शहर जाळण्याचा कट आहे आणि तो शोधावयास एका दिवसापुरता मोकळा सोडलेला, मृत्युदंड झालेला कैदी. सारे भाग त्या एकाच दिवसाचे. गगनचुंबी दीपमनोरा, आणि त्याच्या पोटात लपविलेले ज्वालाग्राही तेल! माणसांनी फुललेल्या बाजारपेठा पाहताना मला आठवण झाली ती ह्यूएनत्संगाची. तो आपल्या महाराष्ट्रात पुलकेशीच्या काळी येऊन गेला आणि ६४५ साली याच छांगआनला परतला. आपल्याविषयी त्याने लिहिले आहे की हे लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत. चिनी मालिका पाहिल्यावर वाटले, बुवा घरी जाऊनही हेच लिहू शकला असता.

सूडावरून आठवले. सर्वांत उंच स्थान मी 'लांग्या यादी'ला देते. २०१५, चोपन्न भाग. काल्पनिक लियांग राज्य. ऐतिहासिक नाटकाची त्या देशाने किंमत मोजली आहे: वू हान या इतिहासकाराच्या, १९६१ साली रंगभूमीवर आलेल्या 'हाय रुईची बडतर्फी' या नाटकावर १९६५ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला, त्यातून सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला आणि वू हान १९६९ साली कैदेत मेला. आपला 'कीचकवध'ही इंग्रजांनी १९१० साली बंद पाडलाच होता. राज्य काल्पनिक घेतले की लेखकाचा हात थोडा मोकळा राहत असावा, असा माझा अंदाज.

कथा सांगते ती थोडक्यात. बारा वर्षांपूर्वी राजद्रोहाचा खोटा आळ घालून ७०,००० सैनिकांची फौज आपल्याच राजाच्या हुकुमाने कापून काढली. त्यातून वाचलेला एक तरुण सेनानी चेहरा, नाव, ताकद सगळे गमावून, खोकत खोकत, मसलतगार बनून राजधानीत परततो. जिवलग मित्र असलेला राजपुत्रही त्याला ओळखत नाही. राजपुत्राची आई मात्र ओळखते. ती दोघांसाठी खाऊचे डबे धाडते. मुलाच्या डब्यात एका कवचीच्या फळाची वडी असते, पाहुण्याच्या डब्यात नसते, कारण ते फळ त्याला बाधते. काहीही न बोलता ओळख पटल्याचे सांगणारा असा डबा मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिला नाही.

या माणसाला गादी नको, रक्तही नको. त्याला निकाल बदलून हवा आहे. आणि तो म्हातारा राजा जिवंत असतानाच, त्याच्याच तोंडून. राजा मरेपर्यंत थांबलो तर नवा राजा मित्राच्या प्रेमापोटी निकाल फिरवितो असे लोक म्हणतील. ज्याने खोटे लिहिले त्यानेच ते पुसले पाहिजे. राजाच्या वाढदिवशी भरदरबारात त्याची स्वतःची बहीण आपल्या नवऱ्याचा कबुलीजबाब घेऊन उभी राहते, चौकशीची मागणी करते, आणि एकेक दरबारी उठून 'माझेही अनुमोदन' म्हणतो, तो प्रसंग मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा नात म्हणाली, "आजी, तू कुणासाठी रडतेस?"

ते सांगते. आमच्या आजोबांना दोन बायका होत्या. थोरलीला मूल झाले नाही, म्हणून धाकटी केली. त्या धाकटीची मी नात. धाकटी आजी १९६८ साली गेली. तिच्या कुशीत झोपून आम्ही थोरलीच्या गोष्टी ऐकल्या. माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळी धाकटी बाळंतीण असता थोरलीने तूप कुलपात ठेवले, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून ती माडीवर जाऊन बसली, ही गोष्ट आमच्या घरी रामायणासारखी सांगितली जाई. 'थोरली' ही आमच्याकडे शिवी होती. मुलांपैकी कुणी खाऊ लपविला की 'थोरलीच आहेस' म्हणत. आजोबांविषयी वाईट बोललेले मात्र मी कधीही ऐकले नाही.

वडील गेल्यावर वाड्यातल्या फडताळात हिशेबाच्या वह्या निघाल्या. मोडी मला येते. शके १८६० च्या वहीत चुलत आजोबांच्या हातची एक ओळ होती: थोरल्या वहिनींच्या पाटल्या मोडल्या, चिरंजीवाची पुण्याची फी व खाणावळ. चिरंजीव म्हणजे माझे वडील. आजोबा तोवर वारून सात वर्षे झाली होती. या गोष्टीला तीस वर्षे होतील. मी ती ओळ वाचली, वही मिटली आणि आईलाही सांगितले नाही. धाकट्या आजीच्या मऊ हातांचा विचार मनात आला आणि मी सवतीची बाजू मिटवून ठेवली. इतिहास शिकवीत होते मी!

श्रावण संपता संपता आत्याला फोन केला. धाकटीची ही शेवटची लेक, पंच्याण्णव वर्षांची, सांगलीला असते. ऐकू कमी येते, पण आठवण खणखणीत.

"आत्या, थोरलीने तूप कुलपात ठेवले होते, ते खरे का गं?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"कशाला आता ते?"

"सांग ना."

"अगं, किल्ल्या थोरलीजवळ कधी होत्या? किल्ल्या माझ्या आजीच्या कमरेला. ती मरेपर्यंत. सासूला नावे ठेवायची आमच्या आईची छाती होती का?"

मी पाटल्यांविषयी विचारले. तिला ठाऊक होते. थोरली गेली तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती, रात्री तिच्याजवळ तीच निजत असे. आलवणातून चिंचेचा गोळा काढून देई, म्हणाली. नात शेजारी बसून ऐकत होती. तिने हळूच खूण केली, नाव विचार, नाव.

"नाव?" आत्या म्हणाली. "माहेरचे गोदा की गंगा असे काहीतरी. सासरचे कुणी घेतच नसे गं. आम्ही सगळे थोरलीच म्हणायचो. थांब, आठवून उद्या फोन करते."

दुसऱ्या दिवशी फोन आला. "आठवत नाही," एवढेच म्हणाली, आणि भाऊबिजेला येशील ना म्हणून विचारले.